उद्यमबाग, दुसरी पाळी

आवाज झाला, त्याच्या आधीच दुंडाप्पा उठला होता,
असं नंतर सगळे म्हणाले.
लाल बटनावर त्याचा तळहात पोचेपर्यंत
हत्यार क्लॅम्पच्या कोपऱ्यात घुसून तुटलं
आणि स्पिंडल गेला.
कोपऱ्यावर नखाएवढा ओरखडा फक्त.
मालकांनी ओरखडा बघितला, मग मला.
"कंप्युटरवर दिसलं नाही?"

दिसलं नव्हतं.

म्हणून आता रात्री मी वस्तूंना डबे चढवते.
हत्याराला एक, चकला एक, क्लॅम्पला एक,
मापाचे नाहीत, वाढत्या अंगाचे,
जूनमध्ये शिवलेल्या युनिफॉर्मसारखे.
डब्याला डबा लागत नसेल तर
आतलं काही विचारायचंच नाही.
हजार जोड्यांतल्या नऊशेच्या वर इथंच सुटतात.
उरलेल्यांना जवळ जाऊन बघावं लागतं.

नियम इतका साधा की पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं:
दोघांच्या मधून एक सरळ रेघ
कुणालाही न शिवता गेली,
तर ते एकमेकांना लागलेले नाहीत.
एक रेघ पुरे. सापडली की शोध बंद.
सगळ्या बाजूंनी फिरूनही सापडली नाही
तर समजायचं, घुसलेत.

दुंडाप्पाला हे सांगितलं,
निम्मं मराठीत, निम्मं माझ्या तोडक्या कानडीत.
तो खोक्यावर बसून भडंग खात होता.
"रेघ मारली की भांडण नाही म्हणूलालीस?
आमच्यात रेघेवरनंच भांडण की गं."
आणि कागद माझ्याकडं सरकवला,
शेंगदाणे वर येतील असा हलवून.

अट एकच. वस्तू बाहेर फुगलेली हवी.
कुठं आत वळली असेल, खोबण असेल, हूक असेल,
तर तिचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा फुगीर होईस्तोवर,
आणि तुकड्यागणिक रेघ शोधायची.
त्या क्लॅम्पचे मी सतरा तुकडे केले.
घरी, अनगोळात, आई कुंपणाशी उभी राहून
कमळव्वाशी विरजणाबद्दल बोलत असते.
वाक्य एका भाषेत सुरू होतं, क्रियापद दुसरीत पडतं,
वाटी मधल्या तारेवरून इकडची तिकडं.
मी चप्पल घालता घालता ऐकते
आणि पाळीला उशीर होतो.

चौथ्या रात्री चूक सापडली.
माझं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागानं उडी मारत होतं.
तेवढ्यात हत्यार पन्नास मिलिमीटर जातं.
एका उडीला ते कोपऱ्याच्या अलीकडं,
पुढच्या उडीला पलीकडं.
दोन्ही चित्रांत रेघ सापडत होती.
दोन्ही चित्रं खरी होती.
मधे ते कोपऱ्यातून आरपार गेलं,
माझ्या लेखी काहीही न मोडता.

आता हत्यार जिथं आहे तिथं मी बघत नाही.
जिथून निघालं आणि जिथं पोचलं,
तो अख्खा रस्ताच घन धरते, लांबट साबणाच्या वडीसारखा,
आणि त्याच्या बाजूनं रेघ ओढून बघते.
जुना प्रोग्रॅम परत चालवला.
कोपऱ्यावर पडदा लाल झाला.
साडेअकराला, शेडमध्ये कुणी नसताना,
मी एकटीच टाळी वाजवली.

दुंडाप्पाला विचारलं, त्या दिवशी तू आधी कसा उठलास?
बराच वेळ हात पुसत राहिला.
"गात होतं. मधीच श्वास घेतल्यागत झालं."
त्यासाठी माझ्याकडं रकाना नाही.

आज खरी चाचणी. नवा स्पिंडल, तोच भाग, नवा मार्ग.
पडद्यावर सगळं हिरवं.
"तडी," तो म्हणाला, आणि मशीनजवळ जाऊन उभा राहिला.
मग मान हलवली. मी स्टार्ट दाबलं.
कूलंट सुटलं, हत्यार कोपरा टाळून गेलं,
परत आलं, परत गेलं.
दुंडाप्पाचा तळहात सबंध वेळ लाल बटनाच्या वर,
न टेकलेला.
मधून एक रेघ जाईल एवढी फट.